चिनी नववर्ष घरी करायचं तर: दिवस कसा काढायचा, प्राणी कसा ओळखायचा, दारावर आणि ताटात काय

चिनी नववर्षाची तारीख दर वर्षी सरकते, पण ती काढायला चिनी पंचांग लागत नाही. बडोद्यातल्या मराठी घरात भिंतीवर जे कॅलेंडर लटकत असतं, तेवढं पुरतं. चिनी महिना आपल्यासारखाच अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा आहे. फरक एवढाच की चंद्र-सूर्याची युती ज्या तारखेला होते, तीच तारीख ते महिन्याचा पहिला दिवस मानतात. आपली प्रतिपदा मात्र पुढच्या सूर्योदयाची वाट पाहते. म्हणजे बऱ्याचदा आपल्याकडे अमावास्या असते त्या दिवशी त्यांच्याकडे पाडवा असतो. अमावास्येला कसला सण, असं वाटणाऱ्यांनी लक्ष्मीपूजन कोणत्या तिथीला असतं ते आठवावं.

दिवस काढायची रीत

२१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या पट्ट्यात अमावास्या कधी आहे ते पाहा. कॅलेंडरात तिच्या समाप्तीची वेळ दिलेली असते, तीच युतीची वेळ. त्या वेळेत अडीच तास मिळवा, कारण चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा तेवढं पुढे आहे. मिळवून जी तारीख येईल तो नववर्षाचा पहिला दिवस.

२०२६ साली अमावास्या १७ फेब्रुवारीला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. अडीच तास मिळवले की आठ वाजतात, तारीख तीच राहते: १७ फेब्रुवारी. २०२४ साली कॅलेंडरात अमावास्या ९ फेब्रुवारीच्या चौकटीत होती, पण ती संपली उत्तररात्री साडेचारच्या आसपास, म्हणजे इंग्रजी हिशेबाने १० तारखेला. नववर्षही १० फेब्रुवारीलाच झालं. नुसती चौकट पाहून ठरवणाऱ्याचा इथे एक दिवस चुकतो. काही पंचांगं अशी वेळ २८.२९ अशी छापतात. त्यातून चोवीस वजा करायचे आणि तारीख एकाने पुढे न्यायची.

२०२७ चं उदाहरण फार अटीतटीचं आहे. ६ फेब्रुवारीला आपल्याकडे रात्री ९.२६ च्या सुमारास अमावास्या संपते, तेव्हा चीनमध्ये ११.५६ झालेले असतात. चार मिनिटं उशीर झाला असता तर नववर्ष ७ तारखेला गेलं असतं. अशा वेळी दृक्‌गणिताचंच, म्हणजे आकाशातल्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळणारं कॅलेंडर धरा. जुन्या गणिताच्या पंचांगातली वेळ पुढेमागे असू शकते. २०२८ साली नववर्ष २६ जानेवारीला येतं.

या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक अमावास्या आली तर मात्र या रीतीवर विसंबू नका, छापलेली तारीख पाहा. १९८५ साली दुसरी धरली गेली (२० फेब्रुवारी), २०२३ साली पहिली (२२ जानेवारी). अधिक महिना कुठे बसतो यावर ते ठरतं.

जाता जाता: २०२६, २०२७ आणि २०२८ या तिन्ही वर्षी नववर्षाच्या दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहण येतं. तिन्ही भारतातून दिसणारी नाहीत, त्यामुळे वेध पाळणाऱ्या घरातही स्वयंपाकाला अडचण नाही.

आपला प्राणी कोणता

जन्मसालाला १२ ने भागा आणि बाकी पाहा. बाकी ० माकड, १ कोंबडा, २ कुत्रा, ३ डुक्कर, ४ उंदीर, ५ बैल, ६ वाघ, ७ ससा, ८ ड्रॅगन, ९ साप, १० घोडा, ११ बोकड. क्रम मोजताना चिनी लोक उंदरापासून सुरुवात करतात, पण भागाकारात उंदीर चारवर येतो; तिथे गोंधळू नका.

खरी चूक होते ती जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांची. मोबाइलवरची बरीच कोष्टकं नुसतं साल विचारतात. २६ जानेवारी १९९० ला जन्मलेल्या माणसाला ती बेधडक ‘घोडा’ सांगतात. त्या वर्षी नववर्ष २७ जानेवारीला सुरू झालं, म्हणजे तो माणूस आदल्या वर्षाचा, साप. १ फेब्रुवारी १९८८ चा जन्म ड्रॅगन नाही, ससा. कारण ड्रॅगनचं वर्ष १७ फेब्रुवारीला लागलं. घरात विचारले जाणारे बहुतेक जन्म ज्या काळात पडतात, त्यातल्या काही वर्षांच्या पहिल्या दिवसाच्या तारखा अशा: १९८४ – २ फेब्रुवारी, १९८५ – २० फेब्रुवारी, १९८६ – ९ फेब्रुवारी, १९८७ – २९ जानेवारी, १९८८ – १७ फेब्रुवारी, १९८९ – ६ फेब्रुवारी, १९९० – २७ जानेवारी, १९९१ – १५ फेब्रुवारी, १९९२ – ४ फेब्रुवारी, १९९३ – २३ जानेवारी, १९९४ – १० फेब्रुवारी, १९९५ – ३१ जानेवारी, १९९६ – १९ फेब्रुवारी. जन्म या तारखेच्या आधीचा असेल तर सालातून एक वजा करून मग भागा.

आणखी एक पेच आहे. जन्मवेळेवरून पत्रिका मांडणारे चिनी ज्योतिषी वर्ष चंद्रावरून बदलतच नाहीत. ते सूर्यावरून, ४ फेब्रुवारीच्या आसपास येणाऱ्या ‘लीचुन’ या वसंतारंभापासून मोजतात. म्हणून १० फेब्रुवारी १९८८ चा जन्म सणाच्या हिशेबाने ससा आणि ज्योतिषाच्या हिशेबाने ड्रॅगन. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पाकीट, भेट, गप्पा यासाठी चंद्राचं वर्ष धरा. पत्रिका करायची असेल तर करणाऱ्याला आधीच विचारा. आणि आपल्या मेष-वृषभाशी याची सांगड घालू नका. त्या राशी महिन्याच्या किंवा चंद्राच्या स्थानाच्या असतात, इथे अख्खं वर्ष एका प्राण्याचं असतं.

प्राण्याबरोबर तत्त्वही असतं आणि ते सालाच्या शेवटच्या आकड्यावरून कळतं: ० आणि १ धातू, २ आणि ३ पाणी, ४ आणि ५ लाकूड, ६ आणि ७ अग्नी, ८ आणि ९ माती. १९८४ ला भागून बाकी ४, शेवटचा आकडा ४. म्हणून लाकडाचा उंदीर. बारा प्राणी आणि पाच तत्त्वं मिळून ६० वर्षांचं चक्र पूर्ण होतं. आपली संवत्सरंही प्रभवापासून क्षयापर्यंत साठच आहेत, पण सुरुवात एक नाही: त्यांचं चालू चक्र १९८४ ला लागलं, आपलं प्रभव संवत्सर शके १९०९ ला, म्हणजे १९८७ ला.

जुळणीचा नियम पाठ करायची गरज नाही. चार किंवा आठ वर्षांचं अंतर चांगलं मानतात, सहाचं वाईट. उंदीर-ड्रॅगन-माकड, बैल-साप-कोंबडा, वाघ-घोडा-कुत्रा, ससा-बोकड-डुक्कर हे चार गट पटणारे. समोरासमोरचे म्हणजे उंदीर-घोडा, बैल-बोकड, वाघ-माकड, ससा-कोंबडा, ड्रॅगन-कुत्रा, साप-डुक्कर. हे सगळं श्रद्धेचं आहे, पण श्रद्धेचे परिणाम खरे असतात. १९६६ हे अग्नि-घोड्याचं वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते असा जपानमध्ये समज होता, आणि तिथले जन्म एका वर्षात जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. मुलीला ‘मंगळी’ ठरवून स्थळं परत पाठवणाऱ्या घरांना हे निराळं समजावून सांगायला नको. २०२६ हे पुन्हा अग्नि-घोड्याचंच वर्ष आहे.

दर बारा वर्षांनी स्वतःच्या प्राण्याचं वर्ष येतं. ते भाग्याचं असेल असं आपल्याला वाटतं, पण समजूत उलटी आहे: ते जपून राहायचं वर्ष. उपाय सोपा, अंगावर लाल काहीतरी ठेवायचं. कमरेला लाल पट्टा, लाल मोजे, मनगटात लाल दोरा. ही वस्तू स्वतः विकत घ्यायची नाही, घरच्या मोठ्यांनी द्यायची, असं पुष्कळ ठिकाणी पाळतात. म्हणून घोड्याच्या वर्षी घोड्याच्या माणसाला ‘तुझं वर्ष आलं, मजा आहे’ म्हणण्याऐवजी लाल मोजे द्यावेत.

दार

आधीच्या आठवड्यात घर झाडून-पुसून घ्या. जुनी देणी फेडा, केस कापून घ्या. पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, सुरी-कात्री चालवायची नाही, केस धुवायचे नाहीत. व्यवहारात याचा अर्थ असा की भाज्या आदल्या दिवशी चिरून ठेवाव्या लागतात.

दारावर लाल कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या आणि वर एक आडवी पट्टी लावतात. नेहमीच्या फ्लॅटच्या दाराला उभी पट्टी साधारण १ मीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद, आडवी ७० सेंटिमीटर, एवढ्यात बेतशीर दिसतं. उत्तरायण (गुजरातेतला संक्रांतीचा पतंगांचा सण) आटोपलं की बडोद्यात गेंडीगेटच्या पतंगबाजारातला लाल कागद याला बरा वाटतो, पण पातळ पतंगी कागदावर शाई फुटते. अक्षरं लिहायची असतील तर जाड कार्ड घ्या आणि पतंगी कागद कंदिलासाठी ठेवा.

उभ्या पट्ट्यांवर एकेक ओळ लिहितात; दोन्ही ओळींत अक्षरं सारखी हवीत, बहुधा पाच किंवा सात. बाहेरून दाराकडे तोंड करून उभं राहिलं की पहिली ओळ उजव्या हाताला येते, दुसरी डाव्या. आपल्याला डावीकडून वाचायची सवय, त्यामुळे बहुतेक जण इथेच उलट लावतात. ‘फू’ हे सुखाचं अक्षर चौकोनी कागद टोकावर उभा करून लावतात. ते उलटं लावायची चाल आहे, ‘सुख आलं’ असा त्यातून श्लेष होतो. पण मुख्य दारावर ते सरळ ठेवावं आणि उलटं आत, तांदळाच्या डब्यावर किंवा कपाटावर लावावं, असं जुन्या वळणाचे लोक सांगतात. तेच बरं दिसतं.

चिकटवायला टेप नको, ऑइलपेंटचा पोपडा निघतो. दोन चमचे मैदा एक वाटी पाण्यात शिजवून केलेली खळ लावा, फडका ओला केला की सुटते. पट्ट्या वर्षभर तशाच राहू द्यायच्या असतात, पुढच्या वर्षी नव्या लावताना काढायच्या. घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर लाल लावत नाहीत.

तीन पायांचा बेडूक, हसरा बुद्ध आणि पंजा हलवणारं मांजर यांचा या सणाशी थेट संबंध नाही. ते मांजर तर जपानी आहे. दुकानदार तिन्ही एकाच फळीवर मांडतो म्हणून घेऊ नका.

आदल्या रात्रीचं ताट

मुख्य जेवण आदल्या रात्रीचं. चीनमध्ये मध्यरात्र होते तेव्हा बडोद्यात साडेनऊ वाजलेले असतात, त्यामुळे लहान मुलांना जागवावं लागत नाही. उत्तर चीनमध्ये या रात्री च्याओझ करतात, म्हणजे उकडून घेतलेले सारणाचे मैद्याचे घास. आकार जुन्या सोन्याच्या लगडीसारखा असावा लागतो. मांसाशिवाय केलं तर खोटं ठरत नाही: पहिल्या दिवशी पूर्ण शाकाहार पाळणारी चिनी बौद्ध घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या शाकाहारात कांदा-लसूणही नसतो. बडोद्यात जैन शेजारी जेवायला येणार असतील तर नेमका तोच प्रकार करावा.

चार माणसांना ४२-४५ नग लागतात. मैदा ३०० ग्रॅम, पाणी १५० मिली, चिमूटभर मीठ. पाणी गार घ्यायचं. गरम पाण्याने पीठ मऊ होतं, ते वाफवायला किंवा तव्यावर भाजायला चालतं, पण उकळत्या पाण्यात फाटतं. पीठ घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. न ठेवता लाटलं तर पारी मागे आक्रसते, आणि मग हात दुखेपर्यंत लाटलं तरी पातळ होत नाही.

सारणाला कोबी ४०० ग्रॅम, अगदी बारीक चिरलेला. खंडेराव मार्केटात जानेवारी-फेब्रुवारीत मिळणारा घट्ट गड्डा यासाठी उत्तम. एक चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा आणि मुठीत धरून कडक पिळा. सव्वाशे मिलीपर्यंत पाणी निघतं. हे काम अर्धवट झालं की पुढचं सगळं बिघडतं. त्यात टोफू १५० ग्रॅम कुस्करून, एक गाजर किसून, ४-५ मशरूम (जैन पाहुणे असतील तर गाजर आणि मशरूम दोन्ही वगळा, मूठभर उकडलेले मटार ठेचून घाला), दोन चमचे आलं (तेही त्यांच्यासाठी नको). टोफूऐवजी पनीर चालतं, पण त्याला पाणी सुटतं; फडक्यात बांधून वजनाखाली ठेवावं लागतं. आता आधी एक मोठा चमचा तिळाचं तेल घालून कालवा आणि मगच दीड मोठा चमचा सोया सॉस घाला. तेलाचा थर बसला की भाजी पाणी सोडत नाही. क्रम उलटला तर दहा मिनिटांत वाडग्यात तळं साचतं. चिनी तेल भाजलेल्या तिळाचं असतं, आपलं घाणीचं कच्च्या तिळाचं. एक मोठा चमचा तीळ सोनेरी भाजून, कुटून त्याच तेलात घातले की वास जवळ जातो.

पिठाच्या दहा ग्रॅमच्या लाट्या करा. पारी ८ सेंटिमीटरची, मध्ये जाड आणि कडेला पातळ. त्यासाठी लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं, दुसऱ्या हाताने पारी फिरवत राहायचं. एक भरलेला चमचा सारण मध्ये ठेवून करंजीसारखी दुमडा, आधी मधला भाग चिमटा, मग कडांना चुण्या घालत बंद करा. कडेला पाणी लावायची गरज नाही, ताजं पीठ आपोआप चिकटतं. सारणाचं तेल कडेला लागलं मात्र की ती जागा उकळीत उघडतेच. आत हवा राहिली तरी फुटतं, म्हणून बंद करताना बोटांनी दाबून हवा बाहेर काढा. तयार नग मैदा भुरभुरलेल्या ताटात सुटे ठेवा.

मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी खळखळ उकळवा, चमचाभर मीठ घाला. एका वेळी पंधराच नग. सोडल्याबरोबर झाऱ्याच्या पाठीने तळातून एकदा हलवा, नाहीतर तळाला चिकटलेला नग काढताना फाटतो. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी घाला, पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी. शाकाहारी सारणाला दोनदा पुरतं. गार पाण्यामुळे वरची पारी फाटत नाही आणि आतपर्यंत शिजायला वेळ मिळतो. वर तरंगून फुगले की काढा. जोडीला साधं व्हिनेगर दोन मोठे चमचे, चिमूटभर गूळ आणि थोडा सोया सॉस.

एका नगात नाणं लपवायची रीत जुनी आहे, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. नाण्यावर दात तुटतात. शेंगदाणा किंवा काजू ठेवा, काम तेच होतं.

पाकिटं

लग्न झालेल्या मोठ्यांनी लहानांना आणि बिनलग्नाच्या धाकट्यांना लाल पाकिटात पैसे द्यायचे. इथे आपली सवय अगदी उलटी पडते. आपण आहेरात १०१, ५०१ देतो, पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. चिनी माणसाला शुभप्रसंगी सम रक्कम लागते. विषम रक्कम दुःखाच्या प्रसंगाची. म्हणून ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्याच्या मुलाला द्यायचं तर नाणं असलेलं पाकीट नको. २००, ६००, ८०० चालतील. चाराचा आकडा कुठेही नको, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. ४० किंवा ४०० सुद्धा नाही. पांढरं पाकीट तर मुळीच नको. नोटा कोऱ्या हव्यात, बँकेतून आठवडाभर आधी मागून ठेवा. दोन्ही हातांनी द्या, आणि घेणाऱ्यानेही दोन्ही हातांनी घ्यावं. समोर उघडून पाहत नाहीत. भेट म्हणून घड्याळ देऊ नका, ते चालत नाही.

पुढचे पंधरा दिवस

दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या मुली माहेरी जातात. पाचव्या दिवशी धनदेवतेचं स्वागत आणि बऱ्याच दुकानांची उघडणी, अगदी आपल्या गुजरातच्या लाभपाचमेसारखी. साठवलेला केर त्याच दिवशी बाहेर काढतात. सातवा दिवस सगळ्या माणसांचा वाढदिवस. मग पंधराव्या दिवशी पौर्णिमेला कंदिलांचा सण. ती बहुधा माघी पौर्णिमा असते, पण २०२६ साली ३ मार्चला, होळीच्या पौर्णिमेला येते.

कंदील टांगायचे, उडवायचे नाहीत. ‘चायनीज तुक्कल’ म्हणून विकले जाणारे पेटते उडते दिवे उत्तरायणात पोलीस जाहीरनाम्याने बंद करतात, आणि त्यांचं कारण साधं आहे: ते विझण्याआधी कुणाच्या तरी गच्चीवर उतरतात. बांबूच्या कामट्या, लाल पतंगी कागद, आत बॅटरीचा दिवा, मेणबत्ती नको.

त्या रात्रीचं गोड म्हणजे थांगयुआन, पाण्यात उकडलेल्या तिळाच्या गोळ्या. सारणाला काळे तीळ ६० ग्रॅम भाजून कुटा, पिठीसाखर ४० ग्रॅम, तूप ४० ग्रॅम; मळून सुपारीएवढ्या गोळ्या करून फ्रीजरमध्ये तासभर ठेवा, नाहीतर भरताना तूप वितळून पारी फाटते. पारीला चिकट तांदळाचं पीठ २०० ग्रॅम आणि कोमट पाणी साधारण १६० मिली, थोडं थोडं घालत. हे पीठ ऑनलाइन मागवावं लागतं. मोदकाचं पीठ घेतलं तर चव छान लागते, पण ते ताणलं जात नाही आणि उकळत्या पाण्यात तडकतं. मोदकाचंच पीठ हाताशी असेल तर गोळ्या पाण्यात न सोडता चाळणीत वाफवून घ्या. चिकट पिठाच्या मात्र मंद उकळीत सोडा, वर आल्यावर आणखी दोन मिनिटं ठेवा, आणि त्याच पाण्यासकट वाटीत वाढा. पहिला घास छोटा घ्या, आतलं तूप फार गरम असतं.